उभारीचा मार, मनातला राग आणि माफीची घाई

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला २६ वर्षांचा तरुण. घर ख्रिस्ती, शेती कोरडवाहू, कापूस आणि तूर. मृगाच्या आधी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, शेजारच्या शेतवाल्याशी वाद पेटला. शेजाऱ्यानं आणि त्याच्या दोन पोरांनी याच्या मोठ्या भावाला बैलगाडीच्या उभारीनं, म्हणजे बाजूच्या उभ्या दांडक्यानं, मारलं. उजव्या हाताचं हाड मोडलं, डोक्याला टाके पडले. सोडवायला गेलेल्या वडिलांना चारचौघांत थोबाडीत मारली, वर "बाटग्याईले कायचा धुरा" असंही म्हटलं. ठाण्यात अदखलपात्र नोंद करून परत पाठवलं. आता तेच लोक गाडीवरून जाताना याच्याकडे पाहून हसतात. मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, वडीलधारे सांगतात, राग हे पाप आहे, माफ करून टाक. तो विचारतो: "राग येणं पाप आहे काय? मी माफ केलं नाही तर देव मला माफ करणार नाही काय? दोन महिने झाले, मी प्रभुभोजन घेतलं नाही. रात्री डोळा लागत नाही. कुऱ्हाड दिसली की मनात नको ते येतं. पोळा जवळ आला आहे, त्या दिवशी माझ्या हातून काय होईल सांगता येत नाही."

भावा, तू शेवटी जे लिहिलंस तिथूनच सुरुवात करतो. शास्त्रातल्या गोष्टी त्यानंतर बोलू.

आज संध्याकाळच्या आत घरातली कुऱ्हाड उचल आणि मामाच्या किंवा ज्याच्यावर तुझा भरवसा आहे त्याच्या घरी ठेवून ये. त्याला कारणही सांग. लाकडं फोडायची असतील तेव्हा मागून आणता येईल. फवारणीचं औषध पेटीत कुलूपबंद कर आणि किल्ली वहिनीकडे दे. हे का सांगतोय ते तुला कळेल. आपल्या भागात इतकी घरं पाहिली आहेत की जिथं दिवसा शत्रूवर असलेला राग रात्री माणसाच्या स्वतःवरच उलटला, आणि हाताशी औषधाची बाटली होती. पोळा होईपर्यंत दारूच्या वाटेला जाऊ नकोस, कोणी कितीही आग्रह केला तरी. आणि मनात मारण्याचा किंवा मरण्याचा विचार ठाण मांडून बसला, तर सकाळची वाट न पाहता घरातल्या कोणाला तरी उठव आणि १४४१६ वर फोन लाव. ती टेलिमानसची सरकारी सेवा आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलतात.

झोप न लागणं, जरा आवाज झाला की दचकणं, तीच मारहाण डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येणं, घरच्यांवर विनाकारण खेकसणं, हे अशा प्रसंगानंतर पुष्कळांना होतं. विश्वास कमी पडला म्हणून ते होत नाही. जिवावर बेतलं होतं, हे शरीर अजून विसरलेलं नसतं. पहिल्या काही आठवड्यांत ते बहुतेकांचं कमी होत जातं. तुला दोन महिने होऊन गेले, म्हणून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे तिथं एकदा जाऊन ये. भावालाही ने. एलिया संदेष्ट्याची गोष्ट आठव. रानात रतामाच्या झुडपाखाली बसून तो देवाला म्हणाला, आता माझा जीव घे. देवानं त्याला उपदेश केला नाही. दूतानं आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. बोलणं झालं ते त्यानंतर, होरेब डोंगरावर. १ राजे १९ मध्ये हा क्रम आहे, आणि मी माणसांशी बोलताना तो मोडत नाही.

आता तुझा पहिला प्रश्न. राग येणं पाप नाही. मार्क ३:५ उघड. सभास्थानात वाळलेल्या हाताचा माणूस उभा आहे, आणि त्याला बरं करावं की नाही यावर लोक गप्प बसले आहेत. येशूनं त्यांच्याकडे रागानं पाहिलं, असं तिथं लिहिलंय, आणि त्यांच्या मनाच्या कठीणपणानं तो खिन्न झाला असंही त्याच वचनात आहे. राग आणि दुःख एकाच वेळी, एकाच अंतःकरणात. तुझ्या भावाचा हात मोडला, तुझ्या बापाच्या गालावर हात पडला, आणि तुला काहीच वाटलं नसतं तर मला तुझी जास्त काळजी वाटली असती. इफिसकरांस पत्रात "तुम्ही रागावा, परंतु पाप करू नका" असं आहे. राग आल्यावर काय करायचं, याची ती शिकवण आहे.

त्याच वचनातला पुढचा भाग, संतापात असताना सूर्य मावळू नये, हा तुझ्यासारख्यांच्या डोक्यावर फार मारला जातो. संध्याकाळपर्यंत राग संपव, नाहीतर तू पापी, असा त्याचा अर्थ लोक लावतात. ज्याच्या घरात टाके घातलेलं डोकं उशीवर आहे त्याला सहा तासांत मन मोकळं कर म्हणणं हे क्रूर आहे. आधीचं वचन वाच: प्रत्येकानं आपल्या शेजाऱ्याशी खरं बोलावं. पुढचं वाच: सैतानाला वाव देऊ नका. मधल्या वचनाचा अर्थ मी असा घेतो की राग उरात एकटाच घेऊन अंधारात पडू नकोस. झोपायच्या आधी एका माणसाला आणि देवाला तो खराखुरा सांगून टाक. सकाळी तो पुन्हा असेल. तर पुन्हा सांग.

राग दाबून गप्प बसण्यानं काय होतं हे शास्त्रानं जितकं उघडं करून दाखवलंय तितकं क्वचितच कुठे असेल. २ शमुवेल १३. दावीद राजाच्या घरात त्याचा मुलगा अम्नोन यानं आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर जबरदस्ती केली. तिचा सख्खा भाऊ अबशालोम तिला काय म्हणाला? गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे, मनाला लावून घेऊ नकोस. आपल्या मंडळीत आणि आपल्या गावात हेच वाक्य किती वेळा ऐकलंय आपण! राजाला, म्हणजे बापाला, हे कळलं तेव्हा तो फार संतापला. आणि त्यानं काय केलं? काही नाही. चौकशी नाही, शिक्षा नाही. अबशालोम अम्नोनाशी बरं बोलला नाही आणि वाईटही बोलला नाही. वरून सगळं शांत. असं त्यानं पूर्ण दोन वर्षं ठेवलं. मग मेंढरांची लोकर कातरायचा सण आला, सगळे राजपुत्र जेवायला बसले, द्राक्षारसानं अम्नोनाचं मन रंगात आलं, आणि अबशालोमानं चाकरांकरवी त्याचा जीव घेतला.

सण, दारू, आणि दोन वर्षांचा अबोला. तू पोळ्याची भीती लिहिलीस तेव्हा मला हाच अध्याय आठवला. त्या घरात राग होता म्हणून खून पडला असं मला वाटत नाही. ज्याच्या हातात न्याय होता तो नुसता संतापून बसला, ज्याच्या मनात आग होती त्याला ती ठेवायला जागा दिली नाही, आणि जिच्यावर अन्याय झाला तिला गप्प बसवलं. पुढं तर ते घरच फुटलं, मुलगा बापावर उठला.

मग राग ठेवायचा कुठे? एक जागा देवापुढची, दुसरी कायद्यापुढची. दोन्ही लागतात.

देवापुढची म्हणजे स्तोत्रं. आपण रविवारी २३ वं म्हणतो, १२१ वं म्हणतो. ५८ वं, १०९ वं, १३७ वं कोणी म्हणत नाही, कारण त्यात शत्रूचे दात पाडून टाक असं आहे, त्याची लेकरं पोरकी होवोत असं आहे, आणि १३७ च्या शेवटी तर वाचवत नाही असं आहे. पुसदकडच्या एका गावात एका मायचा मुलगा मारामारीत गेला होता. प्रार्थनेला बायका जमल्या, गाणी सुरू झाली, तशी ती पदर तोंडावरून काढून म्हणाली, "मले गाणं नोको. त्याईचं वाटोळं झालं पायजे, हे मांगा देवाले." सगळ्या एकदम गप्प. मी १०९ वं स्तोत्र काढून वाचलं, एकही ओळ न गाळता. ती ऐकत राहिली. वाचून झाल्यावर विचारलं, "हे पवित्र शास्त्रात हाये?" हो म्हटलं. "अजून एकडाव वाचा." दुसऱ्यांदा वाचताना ती रडायला लागली, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, असं तिच्या सुनेनं मला नंतर सांगितलं. तिचा राग त्या दिवशी गेला नाही. पण तिनं तो एकटीनं वाहायचा थांबवला.

या स्तोत्रांतली माणसं स्वतः शस्त्र उचलत नाहीत, हे लक्षात घे. जे करावंसं वाटतं ते सगळं देवाच्या कानावर घालतात आणि त्याच्यावर सोडतात. तूही कर. शेतात एकटा असशील तेव्हा मोठ्यानं बोल. वहीत लिही. त्यांना नावं घेऊन, काय केलं ते सांगून. भाषा सोज्वळ असायची गरज नाही, देव वऱ्हाडी समजतो. भावानं मारलेल्या हाबेलाचं रक्त भूमीतून ओरडत होतं आणि देवानं ते ऐकलं, तर तुझं बोलणं त्याला जड नाही. फक्त ते त्याच्यासमोर बोल. पारावर नको, आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर तर अजिबात नको. तिथं टाकलेली प्रत्येक ओळ उद्या तुमच्याच विरुद्ध दाखवतील.

आता कायद्याचं. "एक गाल मारला तर दुसरा पुढे कर" हे सांगून तुला ठाण्यात जाण्यापासून अडवलं गेलंय, असं तुझ्या पत्रावरून दिसतं. प्रभूनं ते शिकवलं, आणि मी ते मऊ करत नाही. तू उभारी उचलायची नाहीस, हा त्याचा अर्थ पक्का आहे. पण स्वतः प्रभूला थोबाडीत मारली गेली तेव्हा तो काय म्हणाला ते योहान १८:२३ मध्ये आहे. हन्ना या याजकासमोर एका शिपायानं त्याला मारलं, तेव्हा त्यानं सरळ विचारलं: मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? हात उगारला नाही आणि गप्पही बसला नाही. पुरावा मागितला. प्रेषित पौलाचंही तसंच. फिलिप्पै शहरात त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशीशिवाय फटके मारून कोठडीत टाकलं. मध्यरात्री ते गाणी गात होते. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप निघून जा म्हणून निरोप पाठवला, तर पौल म्हणाला, आम्हाला उघड मारलं, आता चोरून बाहेर काढता काय? त्यांनी स्वतः यावं. आणि ते आले. रात्री गाणारा आणि सकाळी हक्क मागणारा माणूस एकच आहे.

रोमकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायाच्या शेवटी "सूड घेणे माझ्याकडे आहे, मी फेड करीन" असं प्रभू म्हणतो, आणि १३ व्याच्या सुरुवातीला वाईट करणाऱ्याला शिक्षा द्यायला देवानं सत्ता नेमली आहे असं पौल सांगतो. अध्यायांचे आकडे पुष्कळ शतकांनी पडले, पत्र लिहिताना मध्ये रेघ नव्हती. सलग वाचलं की कळतं: सूड तुझ्या हातातून काढून घेतला आहे, आणि न्यायासाठी दार दिलं आहे. त्या दारात जाणं म्हणजे सूड घेणं नव्हे.

म्हणून हे नीट ऐक. हाड मोडणं ही कायद्यानं गंभीर दुखापत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये ते स्पष्ट आहे, आणि जाणूनबुजून केलेली गंभीर दुखापत हा दखलपात्र गुन्हा आहे. अदखलपात्र नोंदीवर ते प्रकरण संपायला नको होतं. सरकारी दवाखान्यातला वैद्यकीय दाखला, एक्स-रे, टाक्यांचा कागद, हे सगळं एका पिशवीत घाल, प्रती काढ. ठाण्यात भावाच्या सहीचा लेखी अर्ज दे आणि पोच घे. घेतला नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवता येतो. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. गुन्हा नोंदवला की त्याची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घे. वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन कर. उत्पन्न मर्यादेत असेल तर मोफत वकील मिळतो, अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि बाईला तर उत्पन्नाची अटही नाही. वडिलांना जे शब्द बोलले ते जबाबात जसेच्या तसे लिहायला सांग, आणि कोणी कोणी ऐकले त्यांची नावंही.

गावात "आपसात घ्या" म्हणून दबाव येईल. तंटामुक्त समितीनं बांधाचे, पाण्याचे छोटे वाद मिटवले आहेत, ते चांगलंच आहे. पण गंभीर दुखापतीचा गुन्हा पारावर मिटत नाही. काही गुन्ह्यांत तडजोडीला न्यायालयाची परवानगी लागते, काहींत तडजोड होतच नाही. कोऱ्या कागदावर सही नको, आणि "आमची काही तक्रार नाही" असं लिहून दिलं म्हणजे क्षमा केली, या समजात तर मुळीच राहू नकोस. प्रभूनं शिकवलेली क्षमा ठाण्याच्या बाकावर घाईघाईनं लिहून द्यायची वस्तू नाही.

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांबद्दल तुझ्या मनात कडवटपणा आहे, तो मला समजतो. पण त्यांची बाजूही बघ. चार घरं ख्रिस्ती असलेल्या गावात माणूस आधी उद्याचा विचार करतो: दळणाची चक्की त्यांची, ट्रॅक्टर त्यांचा, मजुरी त्यांच्याकडे. माफीचा सल्ला पुष्कळदा भीतीतून येतो आणि वचनाचे कपडे घालून येतो. भीती ही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही, पण तिला विश्वास म्हणू नये. त्यांना सांग, मी हात उगारणार नाही, अर्ज देणार आहे, तुम्ही साक्षीला उभे राहा. कोण उभं राहतं ते दिसेल. आणि ज्यानं भावाला रक्तबंबाळ अवस्थेत ऑटोत घालून दवाखान्यात नेलं तो ख्रिस्ती नव्हता, हे तूच लिहिलंयस. ते विसरू नकोस. एका शोमरोनी, म्हणजे परक्या पंथाच्या, गावानं येशूला उतरू दिलं नाही, तेव्हा त्याचे शिष्य याकोब आणि योहान विचारायला लागले, आकाशातून अग्नी पडून हे गाव भस्म व्हावं असं म्हणू का? त्यानं वळून त्यांनाच धमकावलं. तीन माणसांनी मारलं आहे. तीन माणसांवरच राग असू दे.

धुऱ्याचंही मिटवायला हवं, नाहीतर पुढच्या मृगाला हेच होईल. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज भर, फी भर, आणि शेजाऱ्याला नोटीस जाऊ दे. शेजाऱ्याची हद्द सरकवू नको, ही आज्ञा शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकात दोनदा आली आहे, देवाला ती क्षुल्लक वाटली नाही. ती दोन्ही बाजूंना लागू आहे: मोजणीत तुमचाच धुरा दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, आत निघाला, तर तो सोडायची तयारी ठेव.

आता क्षमेचं. तुम्ही माफ केलं नाही तर देवही माफ करणार नाही, या मत्तय ६:१५ नं तुझी झोप उडवली आहे. ते वचन खरं आहे. पण क्षमा म्हणजे काय, हे न सांगता ते कोणाच्या अंगावर टाकू नये. मला त्यात तीन गोष्टी दिसतात, आणि त्या एकाच दिवशी होत नाहीत. पहिली, सूड सोडणं. ती आज मागितली आहे, आणि तुझ्या मनाची तयारी नसली तरी तुझे हात ती करू शकतात. कुऱ्हाड मामाकडे ठेवलीस की सुरुवात झाली. दुसरी, त्या माणसाचं भलं व्हावं असं मनातून वाटणं. ती हळूहळू येते, देव देतो, ओढून आणता येत नाही. तिसरी, पुन्हा संबंध जुळणं. ते एकट्या तुझ्या हातात नाही. लूक १७:३ मध्ये प्रभू सांगतो, भावानं अपराध केला तर त्याला दोष दाखव, पश्चात्ताप केला तर क्षमा कर. भावांनीच विकून टाकलेल्या योसेफानं पुढे त्यांना ओळखल्याबरोबर मिठी मारली नाही. त्यानं त्यांची परीक्षा घेतली, मधे मधे आत जाऊन रडला, आणि धाकट्या बन्यामिनासाठी त्यांच्यातला यहूदा स्वतःला गुलाम म्हणून द्यायला तयार झाला तेव्हाच त्यानं आपली ओळख दिली. तो वेळ घेतला म्हणून देवानं त्याला दोष दिलेला नाही.

आणि "मी तुम्हाला क्षमा करतो" हे शब्द आज तोंडातून निघत नसतील, तर वधस्तंभावर प्रभूनं काय म्हटलं ते बघ. हे बापा, यांना क्षमा कर. त्यानं ते बापाकडे दिलं. तू एवढंच म्हण: बापा, तू कर, मला अजून जमत नाही. ही खोटी प्रार्थना नाही.

आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातलं एक उदाहरण देतो. सिस्टर राणी मारिया इंदूरकडच्या खेड्यांत गरीब शेतकऱ्यांना सावकाराच्या कर्जातून सोडवायचं काम करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला समुंदर सिंह या माणसानं त्यांना बसमध्ये भोसकून मारलं. न्यायालयानं त्याला जन्मठेप दिली. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी २००२ मध्ये तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला, त्यासाठी त्या कुटुंबानंही विनंती केली होती. २०१७ मध्ये इंदूरला राणी मारियांना धन्य घोषित केलं, तेव्हा तो माणूस तिथं हजर होता. लोक ही गोष्ट राखीपासून सांगतात. मी तुला १९९५ आणि २००२ यांच्या मधली वर्षं बघायला सांगतो, आणि त्या सगळ्या काळात खटला चालला, शिक्षा झाली, तो आत होता, हेही.

प्रभुभोजनापासून दूर राहू नकोस. मत्तय ५:२३-२४ वाचून तू मागं बसतोस असं वाटतं: अर्पण वेदीजवळ ठेव, आधी भावाशी समेट कर. ते वचन परत वाच. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं तुला आठवलं तर, असं ते आहे. ते मारणाऱ्याला उद्देशून आहे, मार खाल्लेल्याला नाही. आणि १ करिंथ ११ मध्ये माणसानं आपली परीक्षा करावी आणि मग भाकर खावी असं आहे, परीक्षा करून घरी जावं असं नाही. पुढच्या रविवारी ये. राग घेऊन ये.

इथं एक गोष्ट तुझ्या पत्राबाहेरची सांगतो, कारण हे बहिणीही वाचतील. जिला नवरा मारतो तिला "सत्तर वेळा सात" सांगून परत त्याच घरात पाठवणारे पाळक आहेत, आणि मला त्याचा फार राग येतो. बाई, आधी सुरक्षित जागी जा. १८१ वर फोन कर. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो, त्याच्याकडे तक्रार कर. क्षमेचं दुरूनही करता येतं.

तुझ्या भावाकडे येतो. तू पाच पानं लिहिलीस, त्यात त्याला काय हवंय हे एकदाही नाही. मार त्यानं खाल्ला. त्याच्याजवळ बस आणि विचार. कदाचित त्याला खटला हवा असेल, कदाचित त्याला आधी या हंगामाची चिंता असेल, कारण एका हातानं वखर धरता येत नाही, डवरता येत नाही. तुझ्यात जी ताकद रात्री तळमळण्यात जाते ती त्याच्या पराटीत, कपाशीत, घाल. निंदण, फवारणी, खताचा दुसरा डोस, सगळं तू उचल. वडिलांशीही बोल. मार विसरतो माणूस, पण पोरांसमोर बसलेली थोबाडीत विसरत नाही. ते बोलत नसतील तर तू बोलता कर, शेतात, एकटे असताना.

आता पोळा. तुमच्याकडे पूजा करत नाहीत, पण आजोबांपासून बैल सजवून तोरणाखाली नेतात, असं तू लिहिलंस. यंदाही न्या. घरात बसून राहिलात तर ते हार मानल्यासारखं होईल आणि तुझा राग आणखी आत जाईल. पण ठरवून जा. पोलीस पाटलाला दोन दिवस आधी सांगून ठेव की आमची बाजू शांत राहील, तुम्ही हजर राहा. बैल वडिलांच्या हातात दे, तू मागं. बरोबर तो मामा किंवा असा कोणी हवा ज्याचा शब्द तू टाळत नाहीस. दावीद चारशे माणसं घेऊन नाबालाला कापायला निघाला होता, तेव्हा नाबालाची बायको अबीगईल वाटेत आडवी आली आणि त्याला थांबवलं, आणि तिनं आपल्याला रक्तपातापासून राखलं म्हणून दाविदानं देवाचे आभार मानले. तुझी अबीगईल कोण ते आत्ताच ठरव, आणि त्याला हक्क दे: त्यानं खांद्यावर हात ठेवला की निघायचं, प्रश्न विचारायचा नाही. झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणायची चढाओढीची पदं, सुरू झाल्या की त्यातून टोमणा येणारच, तुमच्यावर येईल, कदाचित धर्मावरही. उत्तराची झडती म्हणायची नाही. तोरण तुटलं की बैल घराकडे. कोणी अंगावर आलंच तर ११२ लाव आणि मोबाईलवर चित्रण करायला भाच्याला सांगून ठेव. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लहान पोरांना एकटं सोडू नका.

अधीक्षकांना अर्ज पाठवलास की पोस्टाची पावती जपून ठेव आणि त्याचा फोटो मला पाठव. मोजणीची तारीख लागली की तीही कळव, त्या दिवशी मी धुऱ्यावर येतो.